घरच्या गॅरेजमध्ये किट कारचं इंजिन काढणं आणि परत बसवणं

इंजिन काढायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर क्रेनला लोंबकळणारं इंजिन येतं, आणि धास्ती वाटते तीही त्याचीच. प्रत्यक्षात उचलण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. खरा वेळ जातो तो तारा, नळ्या, केबली आणि बोल्ट सोडवण्यात. काम नीट झालं की फसलं, हे तिथेच ठरतं. ज्याने सोडवताना घाई केली नाही, त्याला बसवताना त्रास होत नाही. म्हणून या लेखात उचलण्यापेक्षा सोडवण्यावर आणि जोडण्यावर जास्त लिहिलं आहे.

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी बांधलेली गाडी. उदाहरणाला मी लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी घेतो आहे: पुढे लांबीच्या दिशेने बसवलेलं फोर्डचं क्रॉसफ्लो इंजिन, त्याच्या मागे फोर्डचाच पाच गिअरचा टाइप नाइन बॉक्स आणि मागच्या चाकांना चाल. इंग्लंडमधल्या केटरहॅम कंपनीच्या जुन्या गाड्यांमध्ये आणि घरी बांधलेल्या असंख्य सेव्हनसारख्या गाड्यांमध्ये हीच जोडी सापडते. इंजिन वेगळं असलं तर बोल्टांच्या जागा बदलतील, क्रम बदलणार नाही.

ही गाडी घरी उघडायला इतकी सोपी का, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन आणली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स भरावा लागे, सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागत नसे. लोकांनी संच विकत घ्यावा आणि घरी साध्या पान्यांनी गाडी बांधावी, या हिशेबानेच ती आखली गेली. १९७३ साली व्हॅट आला आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे आले. सवलत गेली तरी आखणी तीच राहिली: नाकाचा तुकडा चार खटक्यांनी निघतो, बोनेट पूर्ण उचलून बाजूला ठेवता येतं आणि इंजिनभोवती हात फिरवायला जागा मिळते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक जवळचं उदाहरण आहे. अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर ही याच घराण्यातली गाडी. तिच्यात अँबॅसडरमध्ये यायचं तेच १.८ लिटरचं इसुझू इंजिन बसवलेलं असतं. नळीच्या लोखंडी चेसिसवर फायबरची बॉडी, इंजिन पुढे, चाल मागे. तिच्या मालकांनाही खालचा क्रम जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल.

आधी जागा, मग हत्यारं

गॅरेजची जमीन सपाट आणि पक्की हवी. क्रेनची चाकं लहान आणि लोखंडी असतात. फरशीची फट, मातीचा उतार किंवा उखडलेलं काँक्रीट आडवं आलं तर वजनासकट क्रेन जागीच अडते, आणि अडलेल्या क्रेनला धक्का देणं ही या कामातली सगळ्यात वाईट कल्पना. गाडीच्या नाकापुढे किमान दोन मीटर मोकळी जागा ठेवा. इंजिन आधी पुढे येतं आणि मगच खाली उतरतं.

क्रेन विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने मिळते. पण तिच्या आडव्या दांड्यावरचे आकडे वाचा. एक टनाची घडीची क्रेन एक टन उचलते ती दांडा सगळ्यात आखूड असताना. दांडा पूर्ण लांबवला की तीच क्रेन साधारण २५० किलोची होते. सेव्हनचं नाक लांब असल्यामुळे दांडा लांबवावाच लागतो. क्रॉसफ्लो आणि गिअरबॉक्स मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे एक टनाची क्रेन चालते. तरी दोन टनाची मिळाली तर तीच घ्या.

पुण्या-मुंबईत क्रेन मिळाली नाही तर गॅरेजवाले चेन पुली ब्लॉक आणि तिकाटणं वापरतात. त्यात गैर काही नाही, फक्त इंजिन पुढे सरकवता येत नाही, गाडी मागे ढकलावी लागते. म्हणजे गाडी तिच्या चाकांवरच उभी हवी, घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) नाही. छताच्या तुळईला किंवा पत्र्याच्या शेडच्या अँगलला चेन अडकवू नका. त्या तुळईवर किती भार चालतो हे इमारत आखणाऱ्यालाच ठाऊक असतं, तुम्हाला-मला नाही.

लागणारं बाकीचं सामान असं:

- लेव्हलर. दोन्ही टोकांना साखळ्या आणि मध्ये हँडल फिरवून तोल बदलायचा दांडा. याच्याशिवाय हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.
- गोटी पान्यांचा संच, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने. क्रॉसफ्लोवर इंचाचे आटे आहेत आणि टाइप नाइनवर मिलिमीटरचे, त्यामुळे दोन्ही संच लागतील.
- टॉर्क रेंच, क्लच मध्यावर आणायचं हत्यार, चार भक्कम घोड्या, लाकडी ठोकळे.
- ऑइल आणि कुलंटसाठी वेगवेगळी घमेली, चिंध्या, भरपूर पुठ्ठे.
- झिप पिशव्या, कापडी चिकटपट्टी, पक्क्या शाईचं पेन.
- पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक, हाताशी, दाराजवळ.

शेवटच्या दोन ओळी वाचून पुढे जाऊ नका, त्या सामानाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. आणि एक माणूस. उचलण्याच्या आणि बसवण्याच्या वेळी दुसरा माणूस हवाच.

इंजिन एकटं काढायचं की गिअरबॉक्ससकट

सेव्हनमध्ये दोन्ही एकत्र काढा. इंजिन एकटं निघतं, हे खरं आहे. पण बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या तोंडाच्या, क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाचे) वरचे बोल्ट फायरवॉल (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पडदा) आणि टनेलच्या (दोन सीटांमधला गिअरबॉक्सचा बोगदा) अरुंद फटीत असतात, आणि परत बसवताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये घालायला इंजिन हवेत तरंगत असताना मिलिमीटरची कसरत करावी लागते. दोन्ही एकत्र काढले की तीच जोडणी जमिनीवर, डोळ्यांसमोर, निवांत होते. त्या बदल्यात गिअर लिव्हर आणि टनेलचं झाकण काढावं लागतं. हा सौदा दर वेळी परवडतो.

सोडवणं

आदल्या संध्याकाळी एकच काम करा: सायलेन्सरच्या बेंड पाईपचे नट, इंजिन माउंटिंगचे बोल्ट आणि गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीचे बोल्ट यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रात्रभर मुरलं की सकाळी बराच त्रास वाचतो.

सकाळी सगळ्यात आधी फोटो. प्रत्येक जोडणीचे दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून. जवळच्या फोटोत तार कुठल्या टर्मिनलला आहे ते दिसतं, लांबच्या फोटोत ती कुठून वळून आली आहे ते. किट कारमध्ये दुसरा फोटो जास्त मोलाचा. कंपनीच्या गाडीत वायरिंग कुठून न्यायचं हे पुस्तकात सापडतं. किट कार ज्याने बांधली त्याने तार त्याच्या सोयीने नेलेली असते, आणि तो माणूस बहुधा तुम्ही नसता.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी, मग पॉझिटिव्ह. बॅटरी बाहेर काढून ठेवा. बोनेट आणि नाक काढून भिंतीला टेकवू नका, गादीवर किंवा दुसऱ्या खोलीत आडवं ठेवा. फायबरचा रंग टेकलेल्या जागी तडकतो.

मग गाडी उचला. क्रेनचे पाय चेसिसखाली जायला हवेत आणि सेव्हन जमिनीला इतकी लागून असते की ते जात नाहीत. शिवाय इंजिन निघताना गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकतं, त्यालाही जागा लागते. म्हणून क्रेनच्या पायांची उंची मोजा आणि चारही बाजूंनी गाडी सारखी उचलून घोड्यांवर घ्या. घोड्या कुठे लावता याकडे नीट लक्ष द्या. हे चेसिस एक इंची पातळ नळ्यांचं आहे. नळीच्या मध्यभागी घोडी लावली तर नळी दबते. जिथे तीन-चार नळ्या एकत्र येतात तिथे, मध्ये लाकडी ठोकळा घालून घोडी लावा. नंतर गाडीला हाताने हलवून बघा. थोडीही डुलली तर पुन्हा लावा.

इंजिन पूर्ण थंड असताना कुलंट सोडा. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, म्हणून कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना त्याच्यापासून लांब ठेवा. उघडं घमेलं क्षणभरही तसंच सोडू नका. ऑइल सोडून प्लग लगेच परत लावा. जुनं ऑइल डब्यात भरून नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर द्या. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक कौन्सिलच्या केंद्रात त्यासाठी टाकी असते.

रेडिएटर पंख्यासकट काढा. जागा मोकळी होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पातळ ॲल्युमिनियमचा गाभा क्रेनच्या मार्गातून बाजूला होतो.

पेट्रोलची नळी सोडताना गॅरेजचं दार उघडं, हीटर बंद, बल्बचा उघडा दिवा नाही. नळी चिमटून घ्या, उरलेलं पेट्रोल डब्यात घ्या आणि दोन्ही टोकं बुचाने बंद करा. दोन वेबर ४० डीसीओई कार्बोरेटर असतील तर ते मॅनिफोल्डसकट एकत्र काढा, म्हणजे त्यांचा आपसातला मेळ बिघडत नाही. हेडच्या उघड्या पोर्टमध्ये स्वच्छ चिंधी कोंबा आणि ती बाहेरून ठळक दिसेल अशी रंगीत ठेवा. कार्बोरेटर निघाले की खाली दडलेला डिस्ट्रिब्यूटर दिसेल. त्याची टोपी आणि रोटर काढा, पण डिस्ट्रिब्यूटर हलवू नका. टायमिंग आहे तसंच राहिलं पाहिजे.

सेव्हनची सायलेन्सरची रचना इतर गाड्यांहून वेगळी आहे. चार पाईप बॉडीच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर जातात आणि मग जुळतात. ते काढल्याशिवाय इंजिन वर येणारच नाही. आधी बाहेरचा सायलेन्सर, मग जोड, मग एकेक पाईप. नट अडला तर तो उलट दिशेला किंचित आवळा, मग सोडा. जोर लावून स्टड तुटला तर हेड मशीन शॉपला न्यावं लागतं.

आता तारा. सेल्फ, डायनॅमो, ऑइल प्रेशर आणि तापमानाचे सेन्सर, कॉईल, गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी आणि त्यावर नाव. "काळी तार" असं नाव लिहू नका, "सेल्फ, मोठा बोल्ट" असं लिहा. इंजिनपासून चेसिसला येणारी अर्थिंगची पट्टी शोधून काढा. ती ऑइल चेंबरच्या किंवा माउंटिंगच्या आडोशाला असते आणि सगळ्यांत जास्त विसरली जाते.

मग क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, हीटरच्या नळ्या. गाडीच्या आतून टनेलचं झाकण आणि गिअर लिव्हर. लिव्हरच्या भोकावर लगेच चिकटपट्टी लावा, त्यातून नट आत पडला तर बॉक्स उघडावा लागेल.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची चाल मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) काढायची गरज नाही. गिअरबॉक्स पुढे सरकला की शाफ्टचं टोक त्याच्या शेपटीतून आपोआप निसटतं आणि शाफ्ट टनेलमध्येच राहतो. तो दाणकन पडू नये म्हणून खाली लाकूड सरकवून ठेवा. मात्र टोक निसटलं की गिअरबॉक्सचं ऑइल शेपटीतून बाहेर येतं. टाइप नाइनच्या बऱ्याच बॉक्सना खाली सोडण्याचा प्लगच नसतो, म्हणून ऑइल आधी काढून ठेवता येत नाही. जुन्या शाफ्टचं टोक मिळालं तर तेच बूच म्हणून वापरा, नाहीतर जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबर हाताशी ठेवा.

उचलणं

साखळी कुठे अडकवायची? इंजिनला मूळ उचलण्याच्या कड्या असतील तर तिथेच. नसतील तर हेडच्या मूळ आट्यांमध्ये, एक बोल्ट पुढच्या टोकाला एका बाजूला आणि दुसरा मागच्या टोकाला विरुद्ध बाजूला. बोल्ट चांगल्या प्रतीचा हवा, त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आटे आत गेलेले हवेत आणि साखळीच्या कडीखाली जाड वॉशर हवा. टॅपेट कव्हर, मॅनिफोल्डचे स्टड आणि डायनॅमोची पट्टी यांना साखळी लावू नका.

आधी क्रेनने फक्त वजन घ्या, साखळी ताठ होईल इतकंच. मग गिअरबॉक्सची आडवी पट्टी, मग दोन्ही माउंटिंग सोडा. इंजिन दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि थांबा. आता काहीही न करता गाडीभोवती पूर्ण एक फेरी मारा. खालून बघा, वरून बघा, टनेलमध्ये टॉर्च मारा. काही ताणलं गेलं आहे का? एखादी तार वाकून उभी राहिली आहे का?

या कामाचा एकच नियम पाठ करायचा तर हा: इंजिन अडलं तर ओढू नका. अडलेलं इंजिन म्हणजे न सोडवलेली एखादी जोडणी. क्रेनचा हायड्रॉलिक जॅक माणसाच्या हातापेक्षा कितीतरी बलवान असतो. अर्थिंगची पट्टी तो सहज तोडेल, नळीचा चेसिस सहज वाकवेल, आणि हँडल मारणाऱ्याच्या हाताला ते जाणवणारही नाही.

सगळं मोकळं दिसलं की लेव्हलरचं हँडल फिरवून इंजिनचं नाक वर आणि गिअरबॉक्सचं शेपूट खाली करा. एकाने क्रेन सांभाळायची, दुसऱ्याने शेपूट वळवायचं. थोडं वर, थोडं पुढे, पुन्हा थोडं वर. शाफ्ट निसटला की लगेच पिशवी बांधा. बोलण्याचे शब्द आधी ठरवून घ्या: "थांब" म्हटलं की दोघांनीही थांबायचं, का ते नंतर विचारायचं. लोंबकळणाऱ्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही जाता कामा नये. चेसिस आणि इंजिनच्या मधल्या फटीत बोटं घालू नका. ढकलायला लाकडी दांडा वापरा.

नाक ओलांडून बाहेर आलं की लगेच जमिनीजवळ खाली घ्या आणि खाली घेतलेल्या स्थितीतच क्रेन सरकवा. उंच लोंबकळणारं वजन घेऊन क्रेन वळवली तर ती उलटते. रात्रभर इंजिन क्रेनवर टांगून ठेवू नका. जॅकचं सील हळूहळू सुटतं.

बाहेर आल्यावर

गिअरबॉक्स वेगळा करताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबू देऊ नका. दोघांनी धरून सरळ मागे ओढा. नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नंतर क्लच नीट सुटत नाही.

आता खर्चाचा प्रश्न येतो. क्लच प्लेट अजून अर्धी शिल्लक आहे, बदलायची का? माझं उत्तर ठाम हो आहे. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील, हे पाचही बदला. यातली एकही वस्तू फारशी महाग नाही, पण एक जरी पुढच्या वर्षी गेली तर वर लिहिलेलं सगळं काम पुन्हा करावं लागतं. ब्लॉकच्या मागच्या बाजूची पाण्याची बुचं गंजलेली दिसली तर तीही आत्ताच बदला. गाडीत इंजिन असताना तिथे हात पोचत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर ते घासून घ्यायला मशीन शॉपला द्या. सेल्फचे दातेही एकदा फिरवून बघा.

इंजिन स्टँडवर चढवायचं असेल तर फ्लायव्हील आधी उतरवा. स्टँडचे चार बोल्ट बेल हाउसिंगच्या भोकांत जातात.

रिकामं इंजिन बे म्हणजे चेसिस तपासायची दुर्मीळ संधी. माउंटिंगच्या कंसांचे वेल्डिंग, स्टिअरिंगचे जोड, ब्रेकच्या नळ्या, सगळं धुऊन, पुसून, उजेडात बघा. पेट्रोलच्या रबरी नळ्या सरसकट बदला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल), आणि भारतात आता पंपावर ई-२० (वीस टक्क्यांपर्यंत) मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल आतून खातं. नळी नरम पडते, मग तडकते, आणि सेव्हनमध्ये ती तापलेल्या सायलेन्सरपासून फार लांब नसते. नळीवर आर-९ हा दर्जा छापलेला बघून घ्या.

जमिनीवरची जोडणी

फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, आटे लॉक करणारं रसायन लावा आणि समोरासमोर या क्रमाने आवळा. क्रॉसफ्लोसाठी ६८ ते ७५ न्यूटन-मीटर. क्लच प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे तिच्यावर छापलेलं असतं, तिथे अंदाजाने चालू नका. प्लेटच्या तोंडाला बोटाचं तेलही लागू देऊ नका. मध्यावर आणायचं हत्यार घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, १६ ते २० न्यूटन-मीटरपर्यंत न्या. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. जास्त लावलं तर फिरताना ते प्लेटवर उडतं.

ब्लॉकच्या मागच्या तोंडावर दोन पोकळ डॉवेल (जागा नेमकी ठरवणाऱ्या खुंट्या) असतात. ती जागेवर आहेत का बघा. त्यांच्याशिवाय गिअरबॉक्स बोल्टांवर बसतो खरा, पण इंजिनच्या मध्यरेषेवर बसत नाही, आणि नव्या पायलट बेअरिंगचं आयुष्य संपतं. मग गिअरबॉक्स एखाद्या गिअरमध्ये टाका, दोघांनी तो सरळ उचलून पुढे आणा आणि मागचा शाफ्ट हाताने हळू फिरवत दाते जुळवा. शेवटच्या एक-दीड सेंटिमीटरला तो अडेल. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो आणि बोल्ट घालून ओढण्याचा मोह होतो. तसं करू नका. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, त्याचा कान तुटतो. फट चारही बाजूंनी सारखी आहे का बघा, शाफ्ट पुन्हा फिरवा, थोडं हलवा. जुळलं की तो हाताच्या जोरावर चपखल बसतो. बसल्यावरच बोल्ट. तो हाताने बसत नसेल तर काढून क्लच पुन्हा मध्यावर आणा.

गिअरबॉक्सचं ऑइल आत्ताच भरा, शेपटीला बूच लावून आणि बॉक्स सपाट ठेवून, बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत. दोन लिटरच्या आतच बसतं. गाडीत गेल्यावर त्या भोकापर्यंत पोचायला नळी आणि पिचकारी लागते.

परत गाडीत

उचलण्याचा क्रम उलटा करा. बॉडीच्या कडांना जाड पुठ्ठा किंवा गोधडी बांधा. शेपूट खाली झुकवून टनेलमध्ये घाला, आणि शाफ्टचं टोक आत घालायला माणूस गाडीच्या सीटवर बसवा, वरून टनेलच्या उघड्या तोंडातून त्याचे हात पोचतात. गाडीखाली झोपून हे काम करायचं नाही.

माउंटिंगचे बोल्ट घाला, पण एकही आवळू नका. आधी सगळे बोल्ट आपापल्या भोकांत हाताने फिरले पाहिजेत: दोन्ही माउंटिंग, मागची पट्टी, सगळे. मग क्रेनचं वजन सोडा, इंजिन हाताने डावं-उजवं हलवून त्याच्या जागेवर बसू द्या आणि मग आवळा. आवळल्यावर स्टिअरिंगच्या दांड्याभोवती मोकळी जागा आहे का ते चाकं पूर्ण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून तपासा. इंजिन रबरावर हलतं, त्यामुळे बोटभर तरी अंतर हवं.

जोडताना पहिली तार अर्थिंगची. ती विसरली तर सेल्फचा सगळा प्रवाह परतीचा दुसरा रस्ता शोधतो आणि तो क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल लाल होऊन तिचं वेष्टण वितळतं. त्यानंतर उरलेल्या तारा, नळ्या, सायलेन्सर नव्या गास्केटसकट, कार्बोरेटर. पोर्टमधल्या रंगीत चिंध्या मोजून बाहेर काढा.

प्लगच्या तारा लावताना इकडे लक्ष द्या, विशेषतः तुमचा हात भारतीय गाड्यांवर बसलेला असेल तर. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. फोर्डच्या या इंजिनाचा क्रम १-२-४-३ आहे. सवयीने लावलं तर इंजिन सुरू होत नाही, नुसतं कार्बोरेटरमधून फटाके फोडतं.

पहिली सुरुवात

क्रॉसफ्लोचा ऑइल पंप ब्लॉकच्या बाहेर, बाजूला लावलेला असतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की तो कोरडा पडतो. म्हणून नवा फिल्टर शक्य तितका ऑइलने भरून लावा. चारही प्लग काढा, कॉईलची तार सोडा आणि सेल्फ थोडा थोडा फिरवा. दहा सेकंद फिरवा, मग सेल्फला गार होऊ द्या. ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत हेच करा. काटा उचलल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत.

कुलंट भरताना गाडीचं नाक वर ठेवा, हीटरचा नळ उघडा आणि नळ्या हाताने दाबून हवा काढा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा. केबल झटकन परत आली पाहिजे, अडखळली तर सुरू करू नका. पेट्रोलचा पंप चालू करून एक-दोन मिनिटं प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. अग्निशामक दुसऱ्या माणसाच्या हातात द्या.

सुरू झालं की डोळे काट्यावर. काही सेकंदांत ऑइल प्रेशर आलं नाही तर बंद. नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट बसवले असतील तर इंजिन निष्क्रिय गतीवर घुटमळू देऊ नका. लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, किंचित वर-खाली करत ठेवा. नाहीतर कॅमचे उंचवटे पहिल्याच दिवशी झिजतात. बाकी काही बदललं नसेल तर साध्या निष्क्रिय गतीवर तापू द्या, पंखा आपोआप सुरू होतो का बघा आणि मग बंद करा.

तेच इंजिन परत बसवलं असेल तर कागदपत्रांचं काही नाही. दुसरं बसवलं असेल तर ब्रिटनमध्ये नवा इंजिन नंबर डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला कळवून व्ही५सी हे नोंदणीपत्र बदलून घ्यावं लागतं आणि विमा कंपनीलाही सांगावं लागतं. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतला असा बदल आधी आरटीओकडून मंजूर करून घ्यावा लागतो. इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत विचारून या.

पहिली फेरी घराजवळच मारा, दहा-पंधरा किलोमीटर. गार झाल्यावर सायलेन्सरचे नट पुन्हा आवळा, कारण नवं गास्केट पहिल्या तापण्यात दबतं. कुलंटची पातळी बघा, ती बहुधा खाली गेलेली असेल. क्लचच्या केबलचं ढिलेपण पुन्हा मोजा, नवी प्लेट बसताना ते बदलतं. गाडीखाली रात्री स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसले तर जागा सांगते की कुठलं सील: पुढे असेल तर ऑइल चेंबर, मधोमध असेल तर क्रँकचं मागचं सील, सीटच्या रेषेत असेल तर गिअरबॉक्सची शेपटी. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर माउंटिंगचे आणि बेल हाउसिंगचे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा, आणि मगच टनेलचं झाकण कायमचं बसवा.